बॉयलरचे ‘आयुष्य संपले’ म्हणजे नेमके काय? इंग्लंडच्या रुग्णालय-अनुदानाची पार्श्वभूमी

2004 पासून इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना ऊर्जाबचतीसाठी बिनव्याजी कर्ज मिळे. हप्ते बिलात वाचलेल्या पैशांतूनच फेडायचे, त्यामुळे एलईडी, पंपांना व्हीएफडी (गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारे उपकरण), पाइपांना लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टन) अशी पटकन वसूल होणारी कामे आधी उरकली. बॉयलर हाऊस तसेच राहिले.

2020 च्या अखेरीस 1 अब्ज पौंडांची पब्लिक सेक्टर डीकार्बनायझेशन स्कीम, म्हणजे सरकारी इमारतींचे कार्बन उत्सर्जन घटवण्याची योजना, आली. हे थेट अनुदान होते, मुख्यतः गॅस बॉयलरच्या जागी हीट पंप (हवेतली किंवा जमिनीतली उष्णता खेचून विजेवर पाणी तापवणारे यंत्र) बसवण्यासारख्या कामांसाठी. तिसऱ्या टप्प्यात खरी ग्यानबाची मेख दिसली: जागेवर जळणाऱ्या इंधनाचाच कार्बन मोजायचा आणि आयुष्यभरात वाचणाऱ्या प्रत्येक टनामागे फार तर 325 पौंड. वर्षाला 20 लाख युनिट (kWh) गॅस वाचला तर साधारण 366 टन कार्बन डायऑक्साइड, 20 वर्षांत 7,320 टन, म्हणजे कमाल 23.8 लाख पौंड. एलईडीने वाचलेली वीज या हिशेबात शून्य.

त्यातच अट अशी, की बदलायच्या बॉयलरचे आयुष्य संपत आलेले हवे. पण नळ्या बदलल्या की बॉयलर आणखी दहा वर्षे ओढतो. रुग्णालयात एक बॉयलर कायम स्टँडबाय असतो. तो वयाने म्हातारा, चाललेल्या तासांनी तरुण. त्याला काय म्हणायचे? नेमप्लेटचा फोटो, सर्व्हिस रिपोर्ट, बिघाडांची नोंदवही असे पुरावे जोडले तरी वाद उरायचाच. शिवाय नव्या गॅस बॉयलरला जेवढा खर्च आला असता, तेवढा रुग्णालयाने स्वतः घालायचा. तत्त्वतः रास्त, पण तेवढे पैसे असते तर बॉयलर इतका जुना झालाच नसता.

प्रस्ताव फसायचे ते बहुधा दोन ठिकाणी. जुने रेडिएटर 82 अंशांच्या पाण्यासाठी बेतलेले असतात. हीट पंपाच्या 55 अंशांवर ते वॉर्ड गरम करू शकत नाहीत, म्हणून रेडिएटर वाढवणे किंवा भिंती-खिडक्यांचे इन्सुलेशन आधी धरावे लागते. दुसरे, ऑटोक्लेव्हची (उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) वाफ. तिच्यासाठी वेगळा विजेवरचा स्टीम जनरेटर धरला नाही, तर एक जुना बॉयलर वर्षभर पेटता राहतो आणि टनांचा हिशेब कोसळतो.

2025 मध्ये जाहीर झाले, की 2028 ला संपणाऱ्या चौथ्या टप्प्यानंतर योजना पुढे चालणार नाही. त्याच वर्षी सुमारे 200 रुग्णालयांच्या छतांवरील सौर पॅनेलसाठी वेगळा सरकारी पैसा आला.