रेसबुकातल्या जुन्या आकड्यांची पार्श्वभूमी

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रेसच्या दिवशी नवखा माणूस रेसबुक, म्हणजे त्या दिवशी धावणाऱ्या घोड्यांची माहितीपुस्तिका, विकत घेतो आणि पहिल्याच पानावर अडखळतो. घोड्याचं नाव, आईबापांची नावं, जॉकी, ट्रेनर इथवर ठीक. खाली मात्र आकड्यांची मुंग्यांसारखी रांग लागलेली असते. विन, प्लेस, ट्रेबल, जॅकपॉट हे पैजांचे प्रकार तो मित्राकडून शिकून आलेला असतो, पण ही रांग त्याला कुणी वाचून दाखवलेली नसते. मित्रही बहुधा टिपवरच खेळणारा असतो. रेसवर पैसे लावणं आपल्याकडे गुन्हा का नाही, या प्रश्नाचं उत्तर मात्र बरंचसं याच रांगेत आहे.

शर्यतींची नोंद ठेवण्याची चाल इंग्लंडातली. तिथे १७२७ मध्ये वर्षभरातल्या शर्यतींची छापील यादी निघाली आणि १७७३ पासून रीतसर कॅलेंडर सुरू झालं. कप कुणी जिंकला, बक्षीस किती होतं, घोडा कुणाचा, एवढंच त्यात असे. मालकाला आणि घोडेपैदाशीला लागणारी ही माहिती. एकाच घोड्याच्या मागच्या धावा एकाखाली एक मांडायच्या, म्हणजे पैसे लावणाऱ्याला त्या एका नजरेत दिसतील, हे वळण अमेरिकेतल्या रेसपत्रांनी रुळवलं. शिकागोत १८९४ मध्ये निव्वळ रेसला वाहिलेलं दैनिक निघालं, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट.

मुंबईत अठराव्या शतकाच्या अखेरीस भायखळ्याला शर्यती सुरू झाल्या होत्या. घोडे बरेचसे अरबी, आखातातून गलबतांवर आलेले. अशा घोड्यांच्या आणि पोनींच्या शर्यतींत पाठीवरचं वजन अनेकदा घोड्याची उंची मोजून ठरवत, कारण वयाचा कागद भरवशाचा नसे. पुण्याचं मैदान १८३० चं, लष्कराच्या जमिनीवरचं. महालक्ष्मीचं १८८३ चं. देशात पैदास झालेल्या घोड्यांची डर्बी १९४३ मध्ये सुरू झाली आणि पहिलीच ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाच्या फिलीने, म्हणजे तरण्या घोडीने, मारली. आजच्या नोंदींना त्या काळापासून अर्थ येतो, असं माझं मत. घोडा इथलाच, आईबाप इथेच धावलेले, म्हणजे कागद सलग. त्याआधीचं सगळं हौशी संग्राहकांनी बघावं. शिवाय जुनी पानं फर्लांगात आणि पौंडांत, आजची मीटरात आणि किलोत.

आता ती रांग. तारीख, अंतर, वर्ग (रेटिंगनुसार पाडलेला गट), रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा ठरवलेला अंक), पाठीवरचं वजन, जॉकी, कितवा आला, किती लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर), वेळ, जमीन. नवखा ‘कितवा आला’ एवढंच बघतो. लागोपाठ दोन रेस मारलेल्या घोड्यावर तो डोळे मिटून पैसे लावतो आणि घोडा पाचवा येतो. झालेलं असतं ते असं. घोडा जिंकला की हँडिकॅपर, म्हणजे रेटिंग आणि वजन ठरवणारा अधिकारी, त्याचं रेटिंग चढवतो. रेटिंगचा एक अंक म्हणजे अर्धा किलो. आठ अंक चढले आणि घोडा त्याच वर्गात पुन्हा उतरला, तर जुन्याच प्रतिस्पर्ध्यांपुढे तो चार किलो जास्त घेऊन पळतो. सोळाशे मीटरला एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लेंग्थ. मागे दोन लेंग्थने जिंकलेला असला, तर कागदावर तो हरलेलाच आहे. वर्ग चढला तर पाठीवरचं वजन उलट उतरतं, पण समोर उभी असलेली मंडळी बदलतात. म्हणून अनुभवी पंटर, म्हणजे पैसे लावणारा, घोडा कितवा आला हे बघण्याआधी तो कुणाबरोबर आणि किती वजनावर धावला ते बघतो.

दुसरी अडचण आपल्याच भागातली. पावसाळ्यात रेस पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला. जुलैअखेर पुण्यात भिजलेल्या जमिनीवर खुललेला घोडा जानेवारीत महालक्ष्मीच्या टणक जमिनीवर तसाच खुलेल, असं नाही. जमीन किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजतात; आकडा वाढला की जमीन मऊ. हा आकडा निकालांसोबत छापलेला असतो, पण नवखे त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. माझ्या ओळखीचे एक काका फक्त हा आकडा आणि घोड्याची वेळ एवढंच वहीत उतरवायचे. बाकी सगळं डोक्यात. हैदराबाद किंवा बंगळूरहून आलेल्या घोड्याचं तिथलं रेटिंग इथे जसंच्या तसं धरू नये, हेही त्यांचंच सांगणं, कारण प्रत्येक केंद्राचा हँडिकॅपर वेगळा.

हे झालं वापराबद्दल. पण ही नोंद केवळ पंटरच्या सोयीची राहिली नाही, ती न्यायालयात जाऊन पोचली. तमिळनाडूत १९७४ मध्ये रेसवरच्या पैजांना जुगारबंदीतून असलेली सूट काढून टाकणारा कायदा झाला. १९८६ मध्ये तिथला रेस क्लबच सरकारने ताब्यात घ्यावा असा दुसरा कायदा झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला: घोड्यांच्या शर्यतीत जिंकणं प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून असतं, म्हणून तो जुगार नव्हे. कौशल्याच्या या कसोटीची बैठक आधीची. १९५७ मध्ये मुंबई राज्याच्या बक्षीस-स्पर्धांच्या कायद्यावरून झालेल्या वादात ती घातली गेली आणि १९६८ मध्ये ही कसोटी रमीला लागू झाली.

निकाल वाचताना एक गाठ मात्र सुटत नाही. कौशल्य कुणाचं? न्यायालयाने घोड्याला शिकवून आलेल्या वेगाबद्दल आणि दमाबद्दल लिहिलं. दोन सारख्याच वेगवान घोड्यांत चांगला जॉकी फरक पाडतो, असं लिहिलं. हे सगळं खरं आहे, पण घोडा, ट्रेनर आणि जॉकी यांपैकी कुणीच खिडकीवर तिकीट काढत नाही. तिकीट काढतो तो स्टँडमधला माणूस. त्याचं कौशल्य कुठलं? टीकाकार हाच मुद्दा आजवर धरून आहेत: क्रिकेटपटू कुशल असतो म्हणून क्रिकेटवरचा सट्टा काही कौशल्याचा होत नाही. मला हा आक्षेप निम्मा पटतो. याला एकच सरळ उत्तर आहे आणि ते रेसबुकात आहे. पैसे लावणाऱ्याला घोड्याचा मागचा इतिहास, वजन, अंतर, जमीन, जॉकी हे सगळं तोलता येतं, ते आधीपासून जाहीर असतं आणि सर्वांना सारखंच मिळतं. जो तोलतो त्याच्यापुरतं ते कौशल्य. टिपवर खेळणाऱ्याला हे लागू पडतं का, यात कायदा शिरत नाही. सगळे पंटर एकाच तागडीत.

म्हणजे ज्या आकड्यांकडे निम्मे लोक बघतसुद्धा नाहीत, त्यांच्या नुसत्या असण्यावर हा खेळ कायदेशीर ठरतो. महाराष्ट्रात तर जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. त्यातही सूट आहे ती परवाना असलेल्या मैदानावर टोटमधल्या (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची पद्धत) किंवा परवानाधारक बुकीकडच्या पैजेला. गल्लीतल्या बुकीकडे फोनवरून लावलेला घोडा याच रेसबुकातला असला, तरी तो गुन्हाच.

करवाल्यांनी मात्र कौशल्याचा मुद्दा बाजूला सारला. जुलै २०१७ पासून रेसवर २८ टक्के जीएसटी आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑनलाइन गेमिंग आणि कॅसिनोही त्याच सूत्रात बसवले: कर लावलेल्या पूर्ण रकमेवर, कौशल्य असो वा नशीब. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के. अभ्यास करून लावलेल्या १०० रुपयांवरही ४० रुपये आणि स्वप्नात आलेल्या नंबरवर लावलेल्या १०० रुपयांवरही ४० रुपये. ज्या कौशल्यामुळे खेळ वाचला, त्याची तिजोरीपाशी कवडी किंमत, ही तक्रार स्टँडमध्ये सारखी ऐकू येते आणि ती खोटी नाही. अभ्यास करून मिळणारा फायदा मुळात दोन-चार टक्क्यांचा. तो या करात केव्हाच विरघळतो. नवख्याने नोंदी वाचायला शिकताना हे आधी माहीत करून घ्यावं.

  

नोंदी मात्र आता पूर्वीपेक्षा सहज मिळतात. क्लबच्या संकेतस्थळावर निकाल, वजनं, मॉक रेस म्हणजे सरावाच्या शर्यती आणि शर्यतीचे व्हिडिओ असतात. रांगेत ‘सातवा, नऊ लेंग्थ’ एवढंच दिसतं. व्हिडिओ लावला की कळतं, घोडा शेवटच्या वळणावर रेलजवळ, म्हणजे कठड्यापाशी, कोंडला गेला होता आणि वाट मिळाली तेव्हा रेस संपली होती. जुन्या वर्षांच्या बाबतीत ही सोय नाही. तिथे ‘वाट मिळाली नाही’ अशी शेरेवजा ओळ कुणी लिहून ठेवली असेल तर ठीक, नाहीतर तो घोडा कायमचा सातवाच.