पचमढी-चिखलदऱ्याला निघण्याआधी वाचा : रेनजॅकेट, पाऊस आणि मच्छरांचा स्प्रे

पचमढीजवळची नागद्वारीची यात्रा (नागपंचमीच्या सुमारास) लागली की तिथून १५ ऑगस्टच्या सुट्ट्यांपर्यंत आमच्या रेनजॅकेट भाड्याने देण्याच्या काउंटरवर एकच प्रश्न येत राहते, "भाऊ, इथं तर उकडून राहिलं, तिकडे जॅकेट खरंच लागते का?"

लागते. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, पचमढी हजाराच्या वर, चिखलदरा अकराशेच्या घरात आणि धूपगड तर १३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा डिग्रीने थंड होते, त्यात अंगावर ओले कपडे आणि वरून वारा, मग लेकरं कुडकुडतात. पावसाचे ढग सातपुड्याला अडून वर चढतात म्हणून तिकडचं हवामान तासातासाला पलटते, सकाळी चक्क ऊन, दुपारी दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही असं धुकं, मग पाऊस, की पुन्हा ऊन. मोबाईलवर नागपूरचा अंदाज पाहून बॅग भरू नका. जीन्स तर घालूच नका, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या सोलून निघतात. छत्री घाटातल्या वाऱ्यात उलटते, हातही अडकून राहते. आणि हो, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या कोअर (आतल्या जंगलाच्या) गेटच्या सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात, ते पाहूनच प्लॅन करा.

आता ज्याच्यासाठी हा कागद छापला ते सांगतो. मच्छरांचा स्प्रे जॅकेटवर मारू नका.

मागच्या सीझनला एक फॅमिली चिखलदऱ्याहून आली, पाच जॅकेट परत केले, वरून सगळे चांगले. तीन उलटे करून पाहिले तर बाह्यांच्या आतून थर चिकट झालेला, बाही उघडताना चर्र आवाज येऊन राहिला, आणि एका जॅकेटच्या खांद्यावर तर चार बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले. ताईंनी लेकरांना जॅकेट घालून दिले आणि मग वरूनच, कॉलरमध्ये, बाहीत, असा स्प्रे मारला. त्यांची काही चूक नाही, बाटलीवर लिहिलेलं असते पण ते अक्षर वाचणार कोण. झालं काय, की डीट नावाचं जे द्रव्य बहुतेक तगड्या स्प्रेमध्ये असते ते प्लास्टिक आणि कोटिंग मऊ करते, विरघळवते. जॅकेटच्या आत जो पॉलीयुरेथेनचा पातळ थर आहे तोच पाणी अडवते, तो गेला की जॅकेट म्हणजे नुसतं कापड. ते धुऊन ठीक होत नाही, ती तिन्ही जॅकेटं आम्हाला बाजूला टाकावी लागली आणि त्याच शनिवारी ज्यांचं बुकिंग होतं त्यांना फोन करून माफी मागावी लागली. त्यातली एक बाही काउंटरवर लटकवली आहे, हात लावून पाहा. गॉगलची फ्रेम, घड्याळाची प्लास्टिकची काच, मोबाईलचं कव्हर, नेलपॉलिश, सगळ्यांना डीट असंच खाते. कॉटन आणि लोकरीला काही होत नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की मच्छरांचा स्प्रे उघड्या अंगावर, पायमोज्यांवर, कॉटनच्या पँटवर, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, हात धुवा किंवा पुसा, मग जॅकेट. लेकरांच्या हातांना लावू नका, ते तोंडात, डोळ्यांत घालतात. तोंडाला लावायचं तर आधी तळहातावर घ्या. पावसात धुऊन गेलं तर पुन्हा लावायचं, पण जॅकेट काढून. ज्यांना हे सगळं सांभाळणं जमत नाही त्यांच्यासाठी आम्ही पिकारिडिनचा (डीट नसलेला) स्प्रे ठेवतो, तो प्लास्टिकला काही करत नाही, थोडा महाग आहे पण डिपॉझिट वाचवते.

लोक म्हणतात बरसातीत दोन दिवसांसाठी एवढं कशाला. नागपुरात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसचे पेशंट निघाले होते, आठवत असेल. ते मच्छरामुळे होत नाही, गवतात-झुडुपात राहणाऱ्या डोळ्याला सहज न दिसणाऱ्या माइट नावाच्या, गोचीडीच्या जातीच्या किड्याच्या पिल्लांच्या चाव्यामुळे होते. म्हणून पॉइंटवर गवतात डबा उघडून बसायचं असेल तर खाली जाड चटई टाका, कपडे गवतावर वाळत घालू नका, पँट मोज्यात खोचा, दिसायला कसंही दिसो. परत आल्यावर आंघोळ, कपडे गरम पाण्यात. पुढे दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला "जंगलात जाऊन आलो" हे पहिले सांगा, आणि काखेत, कमरेला, जांघेत काळी खपली दिसते का पाहा, लवकर कळलं तर त्याचं औषध चांगलं काम करते. गोचीड चिकटली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा माचीसची काडी लावू नका. कड्यांवर आग्या मोहोळ लटकलेले असतात, तिथं धूर, दगड, आरडाओरडा काहीच नको. माश्या उठल्या तर जॅकेटचं हुड ओढून तोंड झाका आणि थांबू नका, पळत गाडीपर्यंत जा.

दुसरी तक्रार नेहमीची, "जॅकेट आतून गळते." बहुतेक वेळा तो घाम असते. चढताना चेन उघडी ठेवा, काखेतली चेनही. खांद्याच्या शिलाईवरची पट्टी सुटली असेल, तिथून धार येत असेल तर गळते, नाहीतर घाम. शंका असेल तर दुकानात आणा, आम्ही तुमच्यासमोर पाणी टाकून दाखवतो, खरंच गळत असेल तर पूर्ण भाडं परत.

डिपॉझिट का घेता आणि परत घेताना दहा मिनिटं का लावता, हेही लोक विचारतात. जॅकेट आम्ही उलटंच तपासतो, कारण वरून काही कळत नाही, आणि तुमच्याआधीच्याने खराब केलेलं जॅकेट तुमच्या लेकराच्या अंगावर जाऊ नये म्हणूनच. तेवढा वेळ काढून या. ओलं आणलं तर चालेल, आम्ही वाळवतो, पण पिशवीत गाठ मारून गाडीच्या डिक्कीत दोन दिवस ठेवू नका, वास बसते. रविवारी रात्री पोचलात तर घरी दोरीवर नुसतं टांगून ठेवा, उन्हात नाही, आणि सोमवारी दुपारपर्यंत आणून द्या. वॉशिंग मशीनमध्ये टाकून, सर्फ लावून, इस्त्री करून आणू नका, प्रेमानं करता हे कळते पण इस्त्रीने थर सोलून निघते.

नागद्वारी किंवा १५ ऑगस्टसाठी लहान साइज लवकर संपतात. लेकरांचं वय नका सांगू, उंची सांगा.