उंची उतरवलेली मोटार : स्प्रिंग व शॉकअपची निवड

रोजच्या वापरातील मोटारीची उंची कमी करताना चाकामागची स्प्रिंग आणि शॉकअप यांची जोडी ठरवण्याची ही प्रक्रिया आहे. २५ ते ४० मिमी उंची उतरवणाऱ्या तयार स्प्रिंगा बाजारात मिळतात. खरेदी करणारा सहसा हाच आकडा पाहतो. खरा प्रश्न मात्र गाडी उतरल्यावर चाकाला वर जायला किती जागा उरते, हा आहे.

मूळ गाडीत भरलेल्या वजनाखाली चाक ८० मिमी वर जाऊ शकत असेल, तर ३० मिमी उतरवल्यावर ५० मिमी उरतात. स्प्रिंग झेलते ती ऊर्जा ती किती मिमी दबते त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे तोच आघात ५० मिमीत जिरवायचा, तर ताठरता अडीच पटीहून जास्त हवी. एवढ्या ताठ स्प्रिंगेवर रोज कामाला जाणे शक्य नाही. घरगुती गाडीचे अंग साधारण १ ते १.५ हर्ट्झ वारंवारतेने वरखाली होते, आणि त्या ताठरतेने ती २ हर्ट्झच्या आसपास पोहोचते. म्हणून रस्त्यासाठीच्या बहुतेक स्प्रिंगा माफक ताठ असतात आणि उरलेला मार बंपस्टॉप, म्हणजे चाक वर जाण्याच्या शेवटी आघात झेलणारा लवचीक ठोकळा, घेतो. बंपस्टॉप हा निवडीतला तिसरा भाग आहे. तो मऊ, हळूहळू दबणारा आणि नव्या उंचीला योग्य लांबीचा असावा. जुना, चिरलेला बंपस्टॉप ठेवून नवी स्प्रिंग बसवली की प्रत्येक खड्ड्यात ठोका ऐकू येतो.

स्प्रिंग कापणे हा स्वस्त उपाय गॅरेजमध्ये अजूनही सुचवला जातो. सहा कार्यरत वेढ्यांतला एक कापला, तर ताठरता २० टक्के वाढते, पण टोकाचा बसण्याचा आकार जातो. चाक पूर्ण खाली लटकले की अशी स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. स्प्रिंग तापवून आखूड केली, तर पोलादाचे पाणीच उतरते. हे दोन्ही उपाय साफ टाळावेत.

शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. स्प्रिंगेचे हेलकावे शमवणे हे त्याचे काम. ताठरता ३० टक्के वाढली, तर तेवढेच नियंत्रण राखायला शॉकअपचा जोर सुमारे १४ टक्के वाढवावा लागतो, कारण हे नाते वर्गमुळाचे आहे. दबताना लागणारा जोर कमी आणि उसळताना लागणारा जास्त ठेवतात. उसळीचा जोर गरजेपेक्षा वाढला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही आणि गाडी दबत दबत बंपस्टॉपवर येते. मूळ शॉकअप आखूड स्प्रिंगेबरोबर ठेवल्यास त्याचा दांडा सतत खालच्या भागात फिरतो व तळाला आपटतो. म्हणून काही उत्पादक आखूड अंगाचे शॉकअप वेगळे बनवतात. बिलश्टाइनचा बी६ मूळ उंचीसाठी आहे, तर बी८ उतरवलेल्या गाडीसाठी. स्प्रिंगा आधी आणि शॉकअप 'नंतर बघू' असे म्हणणाऱ्याने काम पुढे ढकलून दोन्ही एकत्र घ्यावेत; मजुरीही एकदाच लागते.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंमी उंच असतो. वस्त्यांतले अनेक गतिरोधक त्याहून आखूड आणि उभे असतात, तिथे पोट घासते. पाच माणसे आणि सामान घेऊन गावी जाणाऱ्या गाडीचा मागचा भाग अधिकच खाली बसतो. अशा वापरात २५ मिमीच्या पुढे जाऊ नये, आणि मागे भारानुसार ताठ होत जाणारी स्प्रिंग निवडावी.

मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअपच चाकाला वरून आधार देतो अशा रचनेच्या गाडीत उतरवण्याचा आणखी एक परिणाम होतो. खालचा आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, चाकाकडे वर चढतो आणि कलण्याचे केंद्र (वळणावर गाडीचे अंग ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जाते. त्यामुळे वळणावर कलण्याची प्रवृत्ती वाढते आणि ताठ स्प्रिंगेचा काही फायदा तिथेच खर्ची पडतो. चाकांचा टो, म्हणजे वरून पाहताना चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडतो, टायर आतून झिजतात. बसवणी झाल्यावर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना आवळावेत; हवेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. त्यानंतरच अलाइनमेंट करावी आणि हेडलाइटचा कोन तपासावा.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना आळा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लावली. जर्मनीत मान्यतापत्र असलेल्या स्प्रिंगा मिळतात, पण ते कागद इथल्या परिवहन कार्यालयात आपोआप चालत नाहीत. त्यामुळे पैसे देण्यापूर्वीच स्थानिक परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.