किनारी आणि अंतर्भागी हिवाळा (अमेरिका)

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा हिवाळा सौम्य आणि एकसुरी, तर टेक्सस, ओक्लाहोमा, जॉर्जिया या दक्षिणी राज्यांच्या अंतर्भागातला हिवाळा लहरी. हा फरक सरासरीत शोधला तर फारसा सापडत नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि डॅलस या दोन्ही शहरांत जानेवारीचे सरासरी कमाल तापमान १४° से.च्या आसपास असते. किमान अनुक्रमे ८° आणि ३°. टोकाचे आकडे मात्र डोळे उघडतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीत पारा आजवर उणे ३° से.च्या खाली गेलेला नाही. डॅलस परिसरात तो फेब्रुवारी १८९९ मध्ये उणे २२° से.पर्यंत घसरला होता, आणि डॅलस तर पाच अक्षांश दक्षिणेला आहे.

नुसता समुद्र जवळ असून भागत नाही. न्यूयॉर्कही किनाऱ्यावरच आहे, पण तिथे कडाक्याची थंडी पडते. या अक्षांशांत वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात, म्हणून पश्चिम किनाऱ्याला समुद्राची हवा मिळते आणि पूर्व किनाऱ्याला जमिनीची. सॅन फ्रान्सिस्कोपुढचे पाणी हिवाळ्यातही ११-१२° से.च्या आसपास असते; हवा त्याहून फार गार होऊ शकत नाही. शिवाय उत्तर ध्रुवाकडची थंड हवा रॉकी आणि सिएरा नेवाडा पर्वतांपलीकडेच बहुधा अडते.

रॉकीच्या पूर्वेला चित्र उलटे. तिथे कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आडवा डोंगर नाही. आपल्याकडे हिमालय उत्तरेची हवा अडवतो, म्हणून नागपूरकरांना सायबेरियाची थंडी ठाऊक नाही. टेक्ससला असा पहारेकरी नाही. दक्षिणेकडून आखाताची उबदार, दमट हवा आणि उत्तरेकडून ध्रुवीय हवा, दोघींना रान मोकळे. ज्याचा जोर, त्याचा तो आठवडा. उत्तरेचा लोट आला की क्षितिजावर गडद निळसर पट्टा दिसतो आणि तासा-दोन तासांत स्वेटर शोधावा लागतो. टेक्ससमध्ये याला ‘ब्लू नॉर्दर’ म्हणतात. ११ नोव्हेंबर १९११ रोजी ओक्लाहोमा सिटीत दुपारी २८° से. होते आणि मध्यरात्रीपर्यंत उणे ८°. त्या तारखेचे उच्चांक आणि नीचांक असे दोन्ही विक्रम एकाच दिवसाच्या नावावर लागले.

थंड हवा जड असल्याने जमिनीलगत पातळ थरात पसरते आणि आखाताची ऊबदार हवा तिच्यावरून सरकते. मग वरून पाऊसच पडतो, पण तारांवर, फांद्यांवर आणि रस्त्यांवर पडताच गोठतो. हिमापेक्षा हे जास्त घातक. खरे तर हिमही थोडकेच पुरते: जानेवारी २०१४ मध्ये अटलांटात पाचेक सेंटीमीटर हिम पडले आणि रस्ते बर्फाळ झाल्याने लोकांनी महामार्गावर गाडीतच रात्र काढली.

बांधकाम सरासरी बघून होते, टोक बघून नाही, हे या हिवाळ्याचे खरे दुखणे. दक्षिणेत पाण्याचे नळ अनेकदा बाहेरच्या भिंतीतून किंवा छताखालच्या माळ्यातून नेलेले असतात. पारा उतरणार असे कळले की घरोघरी बाहेरच्या नळांना टोपणे बसतात आणि आतले नळ थेंबथेंब सोडून ठेवतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला उणे १९° से. नोंदले गेले तेव्हा टेक्ससची वीजव्यवस्थाच कोलमडली, असंख्य घरांत नळ फुटले आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे दगावली.

शेतीला थंडीपेक्षा मध्येच येणारी ऊब जाचते. पीचच्या झाडाला ठरावीक तास गारवा मिळाला की ते ऊब लागताच फुलते. जॉर्जियात फेब्रुवारीच्या उन्हाला भुलून आलेला मोहर मार्चच्या कडाक्यात करपतो. २०२३ मध्ये आधी गारवा अपुरा पडला, मग मार्चमध्ये कडाका आला, आणि राज्यातले ९० टक्क्यांहून अधिक पीच गेले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तो गारवा मुळातच कमी साठतो, त्यामुळे तिथे थोड्या थंडीत फळणारे वाण लावतात.