रिलीफ व्हॉल्व्ह कसल्याने ताकद वाढते का?

मिनी एक्स्कॅव्हेटर (छोटं खोदकाम मशीन) चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय: ‘मशीन स्लो झालं की मेन रिलीफ व्हॉल्व्ह अर्धा आटा कसा.’ हे पटणं साहजिक आहे, पण मशीन मंद होण्याचं कारण वेगळं असतं.

मशीनचा हायड्रॉलिक पंप तेलाचा प्रवाह देतो. दाब तयार होतो तो समोरच्या लोडमुळे. रिलीफ व्हॉल्व्ह त्या दाबाची फक्त वरची मर्यादा ठरवतो. म्हणजे बूम (मशीनचा मुख्य हात) हळू उठतोय तर आधी प्रवाहाकडे बघायचं. बूम वेगात उठतो पण भरलेली बकेट उचलत नाही, तेव्हा दाबाचा संशय घ्या.

एकच हालचाल मंद असेल तर पंप बहुतेक ठीक असतो. त्या सिलिंडरची सील किंवा त्याचा व्हॉल्व्ह तपासा. सगळंच मंद असेल तर तेलाची पातळी, सक्शन स्ट्रेनर (पंपाकडे जाणारं तेल गाळणारी जाळी), सक्शन होजचे क्लॅम्प बघा. फेसाळ तेल म्हणजे हवा, दुधाळ म्हणजे पाणी. मुंबईच्या पावसाळ्यात टाकीचं झाकण आणि ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करण्याची वाट) हमखास बघावेत. सकाळी ठीक आणि दुपारी ढिलं? गरम तेल पातळ होऊन झिजलेल्या पंपात आतच गळत असेल.

मग टेस्ट पोर्टला (दाब मोजायच्या जोडणीला) गेज लावा. तेल गरम, थ्रॉटल पूर्ण, सिलिंडर शेवटपर्यंत नेऊन धरलेला. आकडा मॅन्युअलइतका आला, तर व्हॉल्व्हला हात लावायचं कारणच नाही. कमी आला तरी आधी व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का ते पाहा. मर्यादेपलीकडे कसल्यास होज फुटतो, माणूस जखमी होतो.

गळती कधीही हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाचं तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.