नवी डिझेल पिकअप: मागे ट्रॉली जोडण्याआधी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सातारा वर्कशॉप

नव्या पिकअपची पूजा होते, चाकाखाली लिंबू चिरडतं, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला फोन येतो: "सिमेंट कालवायचं मिक्सर मशीन मागे कधीपासून जोडू?" घरातल्या जाणत्यांचं उत्तर ठरलेलं असतं, पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत गाडी हळू चालव. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी गाड्या आमच्या रॅम्पवर चढतात, म्हणून हा कागद छापला. डॅशबोर्डाच्या खणात ठेवा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात काही वेगळं लिहिलेलं असेल तर पुस्तकाचंच ऐका. वॉरंटीचा वाद निघाला तर तिथं आमचा कागद कोणी बघणार नाही.

इंजिन मोकळं होतं म्हणजे काय

सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. कारखान्यातच तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा मारलेल्या असतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि पिस्टनच्या रिंगा त्यांची टोकं घासत घासत आपली जागा करून घेतात. रिंगला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडा असतो, खरा जोर असतो जळणाऱ्या डिझेलच्या दाबाचा. हा दाब रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर कामच नसेल तर दाब नाही, आणि दाब नसेल तर रिंग बसत नाही. मग भिंतीवर जळक्या ऑइलचा काचेसारखा थर चढतो आणि ती गाडी पुढे कायम ऑइल खाते.

म्हणून अंगणात वीस-वीस मिनिटं गाडी चालू ठेवून "गरम" करायची सवय सोडा. आमच्या घरच्या पहिल्या पिकअपचंही आम्ही हेच केलं होतं. वडील चहा घेईपर्यंत गाडी घुरघुरत उभी, आणि वर्षभरात दर महिन्याला ऑइल टाकायची पाळी आली. चावी फिरवल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, ऑइल वर चढू द्या, मग सावकाश निघा. गाडी चालता चालता तापते.

पहिल्या हजार किलोमीटरसाठी रस्ता असा हवा, जिथं वेग आणि गिअर सारखे बदलत राहतील. साताऱ्याहून कोरेगाव, पुढे वर्धनगडचा घाट चढून पुसेगाव, आणि तसंच माघारी. गावं येतात, चढ येतो, उतार येतो, त्यामुळे इंजिन कधी ओढतं, कधी सुटतं. याउलट हायवेला लागून एकाच वेगात पुण्यापर्यंत गेलात तर किलोमीटर भरतात, काम होत नाही. दोन-तीनशे किलोमीटर झाले की हौद्यात थोडा माल टाकायला हरकत नाही. आल्याच्या दहा-बारा गोण्या चालतील. सिमेंटची पूर्ण खेप नको.

पेडल तळाला टेकवू नका. आणि दुसरी चूक, जी आपल्याकडे ॲव्हरेजच्या नादात जास्त होते: चढावर टॉप गिअर तसाच ठेवून गाडी दाबत नेणं. डिझेलला ताकद असते, त्यामुळे गाडी बंद पडत नाही, नुसती धडधडते, आणि चालवणाऱ्याला वाटतं आपण डिझेल वाचवतोय. एक गिअर खाली घ्या.

खरं कारण मागच्या हौसिंगमध्ये

इंजिनाची काळजी सगळे घेतात. पण नव्या गाडीला ट्रॉली का जोडायची नाही, याचं मोठं उत्तर मागच्या ॲक्सलच्या हौसिंगमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या फुगीर लोखंडी पेटीत आहे. तिथं क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे वळवते. त्यांचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते दाबाखाली सरकतात. नव्या दातांवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. रिकाम्या किंवा हलक्या गाडीत ते हळूहळू घासून जुळतात. पहिल्याच आठवड्यात मागे वजन लावलं तर त्याच उंचवट्यांवर सगळा भार येतो, दात तापतात, ऑइल पातळ होतं, आणि कारखान्यात पोलादाला दिलेला कडकपणा वरच्या थरातून उतरतो. तो परत येत नाही.

यवतेश्वर घाटातून वर बांधकामावर मिक्सर नेणारा आमचा एक ग्राहक आहे. त्यानं शोरूममधून गाडी आणली आणि तिसऱ्या दिवशी मशीन जोडलं. दोन हजार किलोमीटरला गाडी आमच्याकडे आली तेव्हा तक्रार एवढीच होती, "साठला गेलं की मागून कुणीतरी शिट्टी घालतंय." ॲक्सिलरेटर सोडला की आवाज बदलायचा. हौसिंग खोललं तर ऑइलला करपट वास, आणि क्राऊनच्या दातांवर तव्यावर येते तशी निळसर झाक. ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. नव्या गाडीत त्याला काजळासारखी मऊ काळी पेस्ट लागलेली असते, ती असावीच. याच्या पेस्टमध्ये नखाला टोचणारी कणी होती. क्राऊन-पिनियनचा जोड बदलावा लागला. चूक गाडीची नव्हती, त्याचीही म्हणता येत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेत मोठ्या पिकअपच्या मागे घरंच्या घरं ओढतात. तिथल्या कंपन्याही पुस्तकात छापतात, पहिले ५०० ते १००० मैल, म्हणजे सुमारे ८०० ते १६०० किलोमीटर, मागे काही जोडू नका. काही कंपन्या त्यापुढे ओढण्याच्या पहिल्या ५०० मैलांतही ताशी ५० मैलांची, म्हणजे ८० किलोमीटरची मर्यादा घालतात. आमचा सल्ला: १००० किलोमीटर मागे काहीही नको. त्यानंतर आठ-दहा फेऱ्या निम्म्या वजनाच्या, जवळच्या, ताशी साठच्या आत. घाट या फेऱ्यांनंतर. तीस-चाळीस किलोमीटरवर थांबा आणि चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, तळहात न्या, टेकवू नका. एका बाजूची धग दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त लागली तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग बोलतंय. ट्रॉलीच्या चाकांनाही हेच.

हौसिंगचं ऑइल पुस्तकाप्रमाणे बरंच उशिरा बदलायचं असतं. ओढणाऱ्या गाडीचं मात्र पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच एकदा बदलून टाकावं, असं आमचं मत आहे. क्राऊनच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

हुकावरचं वजन

ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यावा. ६०० किलोची ट्रॉली असेल तर हुकावर ६० ते ९० किलो. माल मागच्या टोकाला लादला तर हूक वर उचलला जातो आणि उतारावर ट्रॉली शेपटीसारखी डुलायला लागते. त्या वेळी ब्रेकवर उभं राहू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा. हुकाच्या पिनेला लॉक आणि साखळी, दोन्ही लावा. मागे रिफ्लेक्टर लावा. कारखाने सुरू झाल्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना आपलीच छाती कशी धडधडते, ते आठवा.

वजनाच्या दंडाचंही लक्षात असू द्या. २०१९ पासून ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये.

नवे ब्रेक पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुरते धरत नाहीत, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नका, हॅण्डब्रेक त्यासाठीच दिलाय. घाट चढून माथ्यावर थांबलात तर लगेच चावी काढू नका. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, तापलेला असतो, त्याला एक मिनिट द्या. वर आम्ही गाडी उभ्यानं चालू ठेवू नका म्हणालो ते वीस मिनिटांबद्दल, या एका मिनिटाबद्दल नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत सायलेन्सरच्या लायनीत काजळी धरणारा फिल्टर असतो. गाडी उभ्यानं चालली की तो भरतो. त्याचा दिवा लागला तर घाबरू नका आणि गाडी बंदही करू नका. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा, काजळी जळून जाते. दिवा तरीही गेला नाही तर या. या इंजिनात पंपावरचं मिळेल ते ऑइल ओतू नका, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. चुकीच्या ऑइलची राख त्याच फिल्टरमध्ये बसते, आणि राख जळत नाही.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि ट्रॉलीच्या पहिल्या फेरीनंतर चाकांचे नट तपासून घ्या. आमच्याकडे टॉर्कचा, म्हणजे ठरल्या जोरानं आवळणारा, पाना आहे, पैसे लागत नाहीत. पान्यावर उभं राहून उड्या मारणं म्हणजे नट आवळणं नव्हे, त्यानं नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो.

आणि दाखवायला येताना गाडी धुऊन आणू नका. सील पाझरत असेल तर हौसिंगवरच्या धुळीत ओला डाग उमटतो. धुतलेल्या गाडीवर तो सापडत नाही, आणि आम्हाला पुन्हा आठवडाभर थांबावं लागतं.