नागरी धोरण व नागरी हक्क संशोधन (पुणे)

शहराचा कारभार कसा चालतो आणि त्यात कोणाचा हक्क डावलला जातो, याचा अभ्यास करणारे विद्यापीठीय क्षेत्र. पाणी, घर, रस्ता, कचरा, फेरीवाल्याची जागा हे त्याचे नेहमीचे विषय.

पुण्यात अभ्यासाच्या आधी लढा आला. जोतीराव फुले यांनी 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे 1876 पासून काही वर्षे ते नगरपालिकेचे सदस्य होते. 1929 मध्ये पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. शहराची पद्धतशीर पाहणी मात्र 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले इन्स्टिट्यूट या अर्थशास्त्रीय संशोधन संस्थेने केली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखालील सामाजिक-आर्थिक पाहणीचे खंड 1945 आणि 1952 मध्ये निघाले, फेरपाहणी 1956 मध्ये. पानशेत धरण 1961 मध्ये फुटले आणि जुने पुणे पुरात सापडले. त्याआधीच्या पुण्याचे घरगुती जमाखर्चासकट चित्र हवे असेल, तर आजही याच खंडांकडे वळावे लागते.

या वाटेने जाणाऱ्याला प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते; पीएच. डी.ही बहुतेक जण करतात. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेते. ‘नागरी धोरण’ या नावाची जागा जाहिरातीत क्वचितच दिसते, म्हणून अभ्यासक अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा स्त्री-अभ्यासाच्या विभागात शिरतो. कायम नेमणूक मिळेपर्यंत अनेकांची वर्षे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर जातात. सकाळी तास, दुपारी वस्तीत पाहणी, आणि मिळाला तर एखाद्या संस्थेचा प्रकल्प. भाड्याच्या घरांवर लिहिणाऱ्याचे स्वतःचे भाडे अशा प्रकल्पावर चालते, ही या क्षेत्राची न लिहिलेली बाजू.

संशोधनातून हक्क पदरात पडल्याचे पुण्यातील ठळक उदाहरण कचरावेचक स्त्रियांचे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कामातून त्यांच्याशी संबंध जुळला आणि 1993 मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. या स्त्रिया भंगार वेगळे काढतात, त्यामुळे तितका कचरा वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो, हे अभ्यासकांनी आकडेमोड करून मांडले. दयेच्या विनंतीपेक्षा हा हिशेब अधिकाऱ्यांना समजायला सोपा गेला असावा. महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे आली, नंतर आरोग्यविमा आला, आणि 2008 मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा उचलण्याचा करार झाला. ओळखपत्र म्हणजे चोरीच्या संशयावरून अडवले गेल्यावर दाखवायचा कागद, एवढाच अर्थ प्रथम अनेकींना पुरेसा होता.

घराच्या हक्कावर काम करणाऱ्याला 1971 चा महाराष्ट्र झोपडपट्टी कायदा पाठ असावा लागतो. वस्ती या कायद्याखाली झोपडपट्टी म्हणून घोषित की अघोषित, जमीन महापालिकेची, सरकारी, रेल्वेची की खासगी, यावर नळ, संडास, पुनर्वसन सारे अवलंबून राहते. दारोदार पाहणीत मुलाखतीआधी बघायचे असतात ते फोटोपास (झोपडीधारकाचे छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र), जुनी मतदारयादी आणि वीजबिल. घर आईच्या नावावर, बिल मोठ्या मुलाच्या, फोटोपास वारलेल्या वडिलांचा, असे एकाच झोपडीत सापडते. पुनर्वसनासाठी पात्र-अपात्रतेची यादी लागते तेव्हा वाद इथूनच सुरू होतो. माहिती अधिकार कायद्याने (2005) महापालिकेच्या फायली उघडल्या खऱ्या, पण अर्जात टेबल आणि जावक क्रमांक अचूक लिहिता येण्याइतकी कार्यालयाची ओळख लागते, आणि ती कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.